सुमेधाबाईंचं दोन गोळ्यांचं गणित

सकाळी सहाला सुमेधा आठल्ये ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या की आजूबाजूच्या बायका नकळत पोट आत घ्यायच्या. बाईंनी कधी कुणाला जाड म्हटलं नव्हतं. तशी गरजच पडत नसे. "काल लग्नाला गेला होतात ना?" एवढंच त्या विचारत, आणि समोरची बाई आपण काय काय खाल्लं ते पानाच्या डाव्या बाजूपासून सांगायला लागे.

एकतीस वर्षं त्यांनी डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवलं होतं. आता बासष्टावं चालू होतं. वजन बावन्न किलो, लग्नात होतं तेवढंच, आणि हे त्या कुणी न विचारता सांगत. घरात तूप असायचं ते देवापुढच्या निरांजनापुरतं. पोह्यात दाणे मोजून पडत. त्यांचे यजमान रवींद्र मात्र नव्वद किलोचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, हसरे गृहस्थ. ते 'जरा पेपर घेऊन येतो' म्हणून जात आणि बडीशेप चघळत परत येत. बडीशेपेचा वास आला की बाई ओळखत, आज वडा झाला.

चालणाऱ्या बायकांच्या गटाने फेब्रुवारीत रक्ततपासणीचं शिबिर घेतलं, त्यात बाईंचाच पुढाकार होता. वरवरचं कारण आरोग्याची जागृती, खरं कारण रवींद्र. एकदा या माणसाचा आकडा कागदावर आला की हा पुन्हा वड्याकडे बघणार नाही, असा त्यांचा हिशोब. घराघरातले नवरे, सासवा, सगळ्यांना त्यांनी ओळीत उभं केलं आणि स्वतःचाही हात पुढे केला. पुढारी मागे राहिला तर कसं व्हायचं?

बुधवारी रिपोर्ट आले. रवींद्र आठल्ये, एकूण कोलेस्ट्रॉल एकशे अडुसष्ट. सुमेधा आठल्ये, तीनशे शेहेचाळीस.

"अदलाबदल झालीय," बाईंनी लॅबमधल्या मुलीला फोन करून सांगितलं.

"नाही मॅडम, तुमच्या बाटलीवर तुमचंच नाव आहे."

"नाव बरोबर असेल. रक्त कुणाचं आहे ते बघा."

रवींद्रना त्यांनी त्यांचा आकडा तेवढा सांगितला आणि स्वतःचा 'ठीक आलाय' म्हणून मोबाईल पालथा घातला. रवींद्रनी लगेच, मोठ्या निरागसपणे, शिरा मागितला. मग बाई एके दिवशी कल्याणला गेल्या, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही अशा लॅबमध्ये. तीनशे अडतीस. पुढच्या आठवड्यात ठाण्याला मुलीकडे, रुचिताकडे राहायला गेल्या आणि हिमोग्लोबिन बघायचंय म्हणून तिथेही हात टोचून घेतला. तीनशे एकोणपन्नास. घरी येऊन त्यांनी तिन्हींची सरासरी काढली. तीनशे चव्वेचाळीस पूर्णांक तेहेतीस. तीन वेगवेगळ्या गावांतल्या लॅब एकच चूक करणार नाहीत, एवढी संभाव्यता त्यांना येत होती.

दुसरी कुणी डॉक्टरकडे गेली असती. बाईंनी दुधी आणला.

सहा आठवडे आठल्यांच्या घरात जे शिजलं त्याला स्वयंपाक म्हणणं कठीण आहे. दुधी उकडलेला, दुधी वाफवलेला, दुधीचं पाणी. फोडणी बंद झाली. दाणे गेले, खोबरं गेलं, साय तर आधीच गेलेली होती. रवींद्र एक शब्द न बोलता सगळं खात होते. याचंच बाईंना नवल वाटायला हवं होतं, पण त्या स्वतःच्याच विचारात होत्या. गुपचूप पुन्हा रक्त दिलं, तेव्हा वजन एकोणपन्नासवर आलं होतं आणि कोलेस्ट्रॉल तीनशे एकोणचाळीस.

तीनशे शेहेचाळिसातून सात गेले. सहा आठवड्यांत सात. एवढे मार्क तर त्यांनी मुलांना नुसत्या सुवाच्य अक्षराबद्दल दिले होते.

तेव्हा कुठे त्या डॉक्टर धनेश केणेंच्या दवाखान्यात गेल्या. धनेश त्यांचाच विद्यार्थी. भोपर गावातला, शेतीवाल्या घरातला, घरातला पहिला डॉक्टर. आता त्याच्या कपाळावरचे केस मागे हटले होते, पण बाई आत आल्या तसा तो खुर्चीतून ताडकन उठला.

"बाई, बसा ना."

"तू आधी बस."

क्षणभर दोघंही उभीच राहिली. मग बाईंनी चारही रिपोर्ट तारीखवार मांडले. धनेशने ते वाचले, पुन्हा वाचले. वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे एलडीएल, दोनशे बासष्टवर होतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, अगदी व्यवस्थित, साखर नाही, थायरॉइड ठीक.

"बाई, चष्मा काढता जरा?"

त्याने जवळ येऊन डोळ्यांच्या कोपऱ्यांत पाहिलं. पापण्यांवर पिवळट, किंचित उंच असे डाग होते.

"हे कधीपासून आहेत?"

"वय झालं की येतात तसले."

"घरात आणखी कुणाला होते?"

"माझ्या वडिलांना होते, अप्पांना," बाई म्हणाल्या. आई चेष्टेने म्हणायची, यांच्या लग्नातली हळद डोळ्यांवरून उतरलीच नाही.

"वडील काय करायचे?"

"पोस्टात होते. कल्याणला, पारनाक्यावर राहायचो आम्ही. मी तेरा वर्षांची असताना गेले. चव्वेचाळीस वय होतं त्यांचं." मग बाईंनी पुढचं वाक्य सांगितलं, जे त्या पन्नास वर्षं, वर्गात, रस्त्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांना सांगत आल्या होत्या. "एका लग्नात पैजेवर अकरा जिलब्या खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना दारातच बसले. एक चप्पल पायात, एक बाहेर. खाऊन गेला माणूस, असं सगळे म्हणायचे. आईसुद्धा."

त्या आठवड्यात तेरा वर्षांच्या सुमेधाने दोन गोष्टी सोडल्या होत्या. एक जिलबी, आणि दुसरी अप्पांची माया. जिभेसाठी जो माणूस दोन लेकरांना टाकून जातो त्याच्यासाठी किती रडायचं, असं तिचं तेव्हाचं गणित होतं. ते तिने पुन्हा कधी तपासलं नव्हतं.

धनेशने पेन खाली ठेवलं.

"बाई, त्यांचं रक्त तपासलेलं नाही, त्यामुळे शपथेवर नाही सांगणार. पण अकरा जिलब्यांनी पोट बिघडतं. त्याने कुणी चव्वेचाळिसाव्या वर्षी दारात बसत नाही. कोलेस्ट्रॉल बरंचसं आपलं लिव्हरच तयार करतं, आणि रक्तातलं जास्तीचं उचलून घ्यायचं कामही तेच करतं. काही घराण्यांत हे उचलायचं काम जन्मापासून निम्म्यानेच चालतं. बारीक असो, जाड असो. तुमच्या अप्पांनी जन्मभर दुधी खाल्ला असता तरी त्यांचा आकडा मोठाच आला असता. तुम्ही खाऊन बघितलात ना?"

"सात उतरले," बाई म्हणाल्या.

"भाऊबहीण?"

"एक धाकटा भाऊ आहे. स्वानंद. शहाडला असतो. बावन्नाव्या वर्षी बायपास झाली त्याची." आणि घाईघाईने, "पण तो मिसळ खातो."

धनेश काहीच बोलला नाही. नुसता बघत राहिला. बाईंना ती शांतता चांगली ओळखीची होती. चुकलेलं उत्तर मुलाने आपलं आपणच शोधावं म्हणून त्या स्वतः वर्गात अशाच गप्प राहायच्या.

"मग मी जे इतकी वर्षं केलं ते?"

"ते वाया नाही गेलं. साखर नाही, प्रेशर नाही, रोज पाच किलोमीटर चालता. म्हणूनच तर बासष्टाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी माझ्याकडे आलात. पण हे ओझं पथ्याने एकट्याने उचलण्यासारखं नाही. गोळी घ्यावी लागेल. स्टॅटिन म्हणतात तिला. वीसची, रोज एक. भावाशी बोला, मुलीलाही तपासायला सांगा. हे पिढीतून पिढीत जातं."

गोळी बाईंनी आणली. भावाशी बोलणं मात्र लांबवलं. गोळ्यांची पट्टी त्यांनी जुन्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली ठेवली, कारण त्या घरात कंपासपेटी उघडणारं दुसरं कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी त्या पेटी उघडत होत्या, तर मागून रवींद्रांचा आवाज आला.

"पाणी देऊ का गोळीला?"

बाईंच्या हातातून कर्कटक पडलं.

"शिबिराचे फॉर्म मीच भरले होते ना," रवींद्र म्हणाले. "दोन्हींवर तुझ्याबरोबर माझाही नंबर टाकलेला. रिपोर्ट मलाही आले."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे?"

"संध्याकाळी बघितला. शिरा मागितला तो त्याच्या आधी."

"मग बोलला का नाहीत? सहा आठवडे दुधी खाल्लात तो?"

रवींद्र खुर्चीत बसले. "तुझा आकडा मोठा आणि माझा छोटा. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो होतो. जिंकल्यावर काय करायचं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून मग दुधी खाल्ला."

बाईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. त्या दिवशी त्यांनी आमटीला फोडणी दिली.

आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. एलडीएल एकशे छत्तीस. बाई रिपोर्ट घेऊन धनेशकडे गेल्या त्या विजयी मुद्रेने. "अठ्ठेचाळीस टक्के," त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

"छान. पण आपल्याला शंभराच्या आत यायचंय बाई. निदान."

"मग सोपं आहे. वीसची निम्मं करते, तर चाळीसची कर."

"बाई, तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं." धनेशने औषधं लिहायचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि पेनही दिलं. "लिहा. या गोळीची ताकद दुप्पट केली की आणखी फक्त सहा टक्के उतरतं. मूळच्या आकड्याच्या."

"फक्त सहा?"

"पुन्हा दुप्पट केलं तर पुन्हा सहा."

बाईंनी चष्मा नीट केला. दोनशे बासष्टचे सहा टक्के, पंधरा पूर्णांक बहात्तर. "सोळा धरू. म्हणजे एकशे वीस. एवढ्यासाठी दुप्पट औषध? हा तर अगदीच वाईट सौदा आहे."

"आता दुसरं गणित. ही बारीक गोळी, एझेटिमाइब. हिचं काम वेगळं. पहिली लिव्हरमध्ये काम करते. ही आतड्याच्या दारावर बसते. जेवणातलं आणि पित्तातून उतरलेलं कोलेस्ट्रॉल रक्तात शिरू देत नाही. जे उरलंय त्यातलं वीस ते पंचवीस टक्के काढते."

एकशे छत्तीसचे वीस टक्के, मग पंचवीस. बाईंचं पेन भराभर चाललं. "एकशे नऊ ते एकशे दोन. तरी शंभराच्या आत नाहीच."

"नाही. पण चाळीसच्या गोळीपेक्षा जवळ. शिवाय पहिलीची ताकद वाढवत गेलं की काहींना पायदुखीचा त्रास होतो. एकाच गड्यावर सगळं लादण्यापेक्षा दोघांनी मिळून उचललेलं बरं."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. गणित बरोबर होतं, मांडणीही नेटकी होती. "तुला सहामाहीत किती होते रे?"

"एक्केचाळीस, बाई."

"कमी दिले मी."

धनेश लाजला. त्या वयात, स्वतःच्या दवाखान्यात, कानांपर्यंत लाल झाला. पण बाईंचं लक्ष आता दुसरीकडे होतं. पायदुखी हा शब्द त्यांच्या डोक्यात अडकून बसला होता. तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबिजेला स्वानंद म्हणाला होता, ताई, त्या गोळीने माझे पाय जाम दुखतात, मी बंद केलीय. आणि त्यांनी त्याच्या पोटाकडे बघून उत्तर दिलं होतं, पाय गोळीने नाही, वजनाने दुखतात. त्यानंतरच्या भाऊबिजेला तो आला नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या शहाडला गेल्या, न कळवता. दार स्वानंदनेच उघडलं. भावजय माहेरी गेली होती. टेबलावर कांदाभज्यांची बशी होती. ताईला बघताच त्याने बशीवर वर्तमानपत्र ओढलं.

"राहू दे," सुमेधाबाई म्हणाल्या. "खा."

स्वानंदचा चेहरा उतरला. "ताई, कुणाला काही झालंय का?"

"मला झालंय." त्यांनी पर्समधून रिपोर्ट काढला आणि भज्यांच्या शेजारी ठेवला. स्वानंदने आकडा वाचला, नाव वाचलं, मग पुन्हा आकडा.

"हा तुझा?" त्याच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. "सॉरी ताई... पण तू? तू?" तो पोट धरून हसला. बाईंनी त्याला पुरतं हसू दिलं. एवढं देणं त्या लागत होत्या.

मग त्यांनी धनेशने सांगितलेलं सगळं सांगितलं. पापण्यांवरचे डाग, लिव्हर, घराणं. शेवटी म्हणाल्या, "अप्पा जिलब्यांनी गेले नाहीत, स्वानंद. तसं काही नव्हतं ते. मी उगाच इतकी वर्षं..."

स्वानंदचं हसू कधीच थांबलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"त्या पंगतीत मी अप्पांच्या मांडीला लागून बसलेलो," तो म्हणाला. "आठ वर्षांचा होतो. सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होतो, अप्पा, अजून एक, अप्पा, अजून एक. तुला कधी बोललो नाही मी. आईलाही नाही. मला वाटायचं, मी गप्प बसलो असतो तर..."

पन्नास वर्षं दोघं भावंडं एकाच ताटापाशी अडकून बसली होती, एक रागावून आणि एक घाबरून. त्या उठल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो आठ वर्षांचा असताना ठेवायच्या तसा. आता तिथे टक्कल होतं.

"आणि अकरा नव्हत्या त्या," स्वानंद जरा वेळाने नाक पुसत म्हणाला. "अकरावी मी खाल्लेली. अप्पांनी हळूच माझ्या हातात दिलेली, टेकीला आले होते ते."

"म्हणजे दहा?"

"दहा."

"अरे देवा. अख्ख्या डोंबिवलीला अकरा सांगितलंय मी!"

भजी दोघांनी मिळून संपवली. बाईंनी दोनच खाल्ली, पण वर्तमानपत्र बाजूला करून.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वानंदला धनेशकडे नेलं. धनेशने त्याच्या स्नायूंची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. मग त्याला स्टॅटिन पुन्हा सुरू केलं, पण अगदी कमी ताकदीचं, दुसरं, आणि सोबत तीच बारीक गोळी. पाय दुखले नाहीत. त्याची बायपास झालेली असल्यामुळे त्याला आणखी खाली जायला हवं होतं, म्हणून दोन महिन्यांनी तिसरीही गोळी जोडली.

मुलांच्या तपासण्याही झाल्या. प्रत्येक मुलाला हा वारसा मिळायची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. रुचिता सुटली. स्वानंदचा सुशांत, सत्तावीस वर्षांचा, दंड फुगवून फिरणारा, तो सापडला.

"आत्या, कसं काय यार? मी रोज जिमला जातो!"

"मी रोज नव्वद फुटीवर जाते," आत्या म्हणाली. "जिम सोडू नकोस. आणि गोळी चुकवू नकोस."

नव्वद फुटी रस्त्यावर त्यांनी आपला आकडा स्वतःच सांगितला, एका सकाळी, सगळ्या गटासमोर, पाढा म्हणावा तसा. मग एक जाडजूड बाई पुढे आली, तिच्या भावाला चाळिशीत झटका आला होता, आणि तिने हळूच विचारलं, "बाई, मीपण बघून घेऊ का?" त्या महिन्यात अकराजणींनी आपापल्या घरची माणसं तपासली. लग्नाच्या जेवणाची चौकशी बाईंनी अजून पूर्ण थांबवलेली नाही, पण आता ती करताना त्या हसतात, आणि बायका पोट आत घेत नाहीत.

भाऊबहीण आता दर सहा महिन्यांनी एकाच दिवशी धनेशच्या दवाखान्यात येतात. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन रिपोर्टची वाट बघितलेली असते, दोघांनाही भूक लागलेली असते आणि दोघांच्याही हातात रिपोर्ट असतो. परवा बाईंचा एलडीएल एकशे एक आला.

"एका मार्कासाठी नापास करणार मला?" त्यांनी धनेशला विचारलं.

"बाई, तुम्ही मला कधी ग्रेस दिला होता?"

"नव्हता. म्हणून तर डॉक्टर झालास."

स्वानंदचा आकडा सहासष्ट होता आणि तो तो कागद पंख्यासारखा हलवत बसला होता.

"तुला तीन गोळ्या आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या दोनच. तुलना करायची तर आधी प्रत्येक गोळीमागे किती उतरलं ते काढावं लागेल. तुझा मूळ आकडा किती होता रे?"

"ताई, चल, आधी काहीतरी खाऊ."

"सांग आधी," बाई म्हणाल्या आणि धनेशच्या टेबलावरचं पेन उचललं.